हजला तरबियत, मग तिजारतीला का नको?

आपल्या सातारा-सांगली भागातून हजला जाणाऱ्यांसाठी तरबियती कॅम्प भरतात. एहराम कसा बांधावा, सामान किती न्यावे, मिनाच्या तंबूंत वाट चुकली तर कोणाला विचारावे, हे सारे मौलाना आणि आधी जाऊन आलेले बुजुर्ग तपशिलाने समजावून सांगतात. ज्याने कधी पुणे ओलांडले नाही असा शेतकरी हाजी त्यामुळे चाळीस दिवस परमुलखात राहून सुखरूप परत येतो. पण त्याच गावातला कापड व्यापारी, विट्याचा यंत्रमागवाला किंवा मिरजेचा सतारमेकर परदेशातील प्रदर्शनाला निघतो, तेव्हा त्याला चार गोष्टी सांगणारे कोणी नसते. तो एजंटाच्या भरवशावर निघतो, ठेचा खातो, आणि परत आल्यावर "परदेशचा धंदा आपल्या नशिबात नाही" म्हणून गप्प बसतो.

आमचे म्हणणे असे की यात नशिबाचा काही संबंध नाही. आपला माल कमी पडत नाही, कारागिरी तर मुळीच कमी पडत नाही. आपण कमी पडतो ते तयारीत. आणि ही तयारी विमानतळावर होत नसते, ती घरच्या कपाटात ठेवलेल्या कागदांपासून सुरू होते.

एका अक्षराची किंमत

दुसऱ्याला उपदेश करण्याआधी आमचीच चूक सांगतो. २०१२ च्या जानेवारीत जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी घरगुती कापडाच्या प्रदर्शनात आम्ही गाळा घेतला होता. चादरी, टॉवेल आणि पडद्याच्या कापडाचे नमुने महिनाभर आधी बांधून तयार होते. गाळ्याचे पैसे भरले होते. अडले कुठे, तर नावात.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. शाळेच्या रजिस्टरात आमचे नाव आणि वडिलांचे नाव उर्दूत लिहिलेले, आडनाव नाहीच. दाखला इंग्रजीत उतरवताना कारकुनाने त्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले. बँकेत खाते उघडले तेव्हा आडनाव आले. पासपोर्ट दाखल्यावरून निघाला, दुकानाची कागदपत्रे बँकेवरून निघाली. प्रदर्शनाचे निमंत्रण दुकानाच्या नावाने आले, त्यात आमचे नाव एका स्पेलिंगने, पासपोर्टात दुसऱ्याच. व्हिसाच्या कचेरीत विचारले गेले की हे दोघे एकच गृहस्थ आहेत याला पुरावा काय? प्रतिज्ञापत्र करा, बँकेचे पत्र आणा, पुन्हा तारीख घ्या, असे करता करता व्हिसा हाती पडला तो प्रदर्शन सुरू झाल्यावर. चार दिवसांच्या प्रदर्शनात आम्ही तिसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो. शेजारच्या गाळ्यातील पानिपतच्या व्यापाऱ्याने सांगितले, "एक गिऱ्हाईक दोनदा येऊन गेले, तुमच्या नावाची पाटी वाचून गेले." ते गिऱ्हाईक आम्हाला पुन्हा कधी दिसले नाही. दोष कोणा अधिकाऱ्याचा नव्हता, आमच्या गाफीलपणाचा होता.

हा आमच्या एकट्याचा किस्सा नाही. आपल्या समाजात शेख हे आडनाव कुठे एस-एच-ए-आय-के-एच असे असते, तर कुठे एस-एच-ई-आय-के-एच. मोहम्मद कुठे पूर्ण लिहिलेले, कुठे नुसते एम-डी. मुल्ला, अत्तार, तांबोळी, बागवान, शिकलगार, मोमीन ही आडनावे रेशन कार्डावर असतात, दाखल्यावर नसतात. गावात याने काही बिघडत नाही, कारण गाव आपल्याला तोंडाने ओळखते. परदेशात आपल्याला फक्त कागद ओळखतो.

याचा मोठा धडा २०२२ साली मिळाला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीने असे ठरवले की ज्याच्या पासपोर्टवर नुसते एकच नाव आहे, आडनावाचा रकाना कोरा आहे, त्याला भेटीच्या व्हिसावर प्रवेश मिळणार नाही. पुढे पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असल्यास चालेल असा खुलासा झाला. तरी शहाण्याने खुलाशावर विसंबून राहू नये. दुबईचा बाजार आपल्याला सर्वांत जवळचा. तिथेच दार अडले तर दुसरीकडे काय होईल?

म्हणून पहिले काम हे. पासपोर्ट, आधार, पॅन, बँक खाते, जीएसटी आणि आयात-निर्यात कोड हे सहा कागद एका टेबलावर मांडा आणि नाव अक्षर-अक्षर जुळवून पहा. फरक असेल तर राज्य सरकारच्या राजपत्रात नावाची दुरुस्ती प्रसिद्ध करून एकेक कागद सुधारून घ्या. याला महिने लागतात, म्हणून प्रदर्शनाचा विचार मनात आला की त्याच आठवड्यात सुरुवात करावी. पुढे माल गेल्यावर बँकेच्या पतपत्राने पैसे यायचे असतात, तिथेही नावात आणि कागदात फरक निघाला तर पैसे अडकतात. तेव्हा ही मेहनत एका प्रवासापुरती नाही.

आयात-निर्यात कोडबाबत आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. हा कोड एकदा काढला की झाले, असे आता राहिलेले नाही. २०२१ पासून दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती सरकारी संकेतस्थळावर जाऊन पक्की करावी लागते, काही बदल नसला तरीही. न केल्यास कोड निष्क्रिय होतो.

दहावी न झालेल्या कारागिराने काय करावे?

आपले कितीतरी उत्तम कारागीर दहावी झालेले नाहीत. त्यांच्या पासपोर्टवर प्रवासी मंजुरी आवश्यक असल्याचा शेरा असतो आणि तो पाहून ते घाबरतात. ही मंजुरी ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांना लागते. व्यापारी भेटीसाठी जाणाऱ्याला ती लागत नाही. मात्र विमानतळावर विचारपूस होऊ शकते, म्हणून परतीचे तिकीट, निमंत्रणपत्र आणि हॉटेलचा कागद हाताशी ठेवावा, बॅगेच्या तळाशी नव्हे. शिवाय जो कारागीर आयकर भरतो त्याला त्या आधारावर हा शेरा काढून घेता येतो. आयकर विवरणपत्र भरणे म्हणजे आफत ओढवून घेणे असे समजणाऱ्यांनी याचा विचार करावा. व्हिसा मागतानाही हेच विवरणपत्र आपली पत सांगते.

युरोपचा व्हिसा

युरोपातील २९ देशांचा मिळून एक व्हिसा असतो, त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. जिथे जास्त दिवस राहायचे त्या देशाकडे अर्ज करावा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णय साधारण पंधरा दिवसांत होतो, पण चौकशी निघाली तर पंचेचाळीस दिवसही लागू शकतात. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला हवा, परत निघण्याच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा हवा, आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. आजारपणासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवासी विमा काढावा लागतो. मोठ्या माणसाला व्हिसाची फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो झाली आहे. केंद्राचे शुल्क वेगळे. २०२५ च्या ऑक्टोबरपासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली. त्यामुळे पहिल्या खेपेस रांगेत वेळ जातो हे धरून चालावे.

घर ते मुंबई हा प्रवासही हलक्यात घेऊ नये. मिरज-सांगलीहून निघणारा माणूस हिशेब करतो की रात्री गाडीत बसलो की सकाळी मुंबई. खंबाटकीत एक ट्रक आडवा झाला किंवा खंडाळ्याच्या घाटात वाहने तुंबली की हा हिशेब कोलमडतो. एक दिवस आधी मुंबईत पोहोचावे. एका रात्रीचा खर्च चुकलेल्या विमानापुढे काहीच नाही.

फ्रँकफुर्टला पोहोचल्यावर

घरगुती कापडाचे हे प्रदर्शन, हाइमटेक्स्टिल, १९७१ पासून जानेवारी महिन्यात भरत आले आहे. त्या दिवसांत शहरातील हॉटेलांचे भाव दुप्पट-तिप्पट होतात. आपल्या लोकांनी एक युक्ती लक्षात ठेवावी. एस-८ नावाची लोकल गाडी माइन्त्स, विमानतळ, फ्रँकफुर्ट, ओफेनबाख आणि हानाउ ही ठिकाणे एकाच मार्गावर जोडते. माइन्त्स किंवा ओफेनबाख येथे उतरल्यास खर्च वाचतो आणि सकाळी वेळेवर पोहोचता येते. प्रदर्शनाच्या तिकिटावर शहरातील गाड्यांचा प्रवास मोफत आहे का, हे तिकीट घेताना पाहून घ्यावे. असला तर रोजचे भाडे वाचते.

खाण्याची चिंता करू नये. मुख्य रेल्वे स्टेशनाजवळच्या म्युन्शेनर रस्त्यावर तुर्की दुकाने आणि हलाल खाणावळी आहेत. नमाजच्या वेळांचे मात्र आधी टिपण करावे. जानेवारीत तिथे सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि संध्याकाळी साडेचार-पावणेपाचला मावळतो. म्हणजे जुहर, असर आणि मगरिब या तिन्ही नमाजा प्रदर्शनाच्या वेळेतच येतात. सफरीतल्या नमाजचा मसला आपल्या इमाम साहेबांकडून निघण्याआधीच समजून घ्यावा. आणि गाळ्यावर दोन माणसे असावीत, म्हणजे एक उठला तरी गाळा रिकामा राहत नाही. रिकामा गाळा किती महाग पडतो हे आम्ही वर सांगितलेच आहे.

घरची मंडळी प्रेमाने डबे बांधून देतात. युरोपात प्रवाशाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. कस्टमवाल्याशी साताऱ्याच्या कंदी पेढ्यावरून हुज्जत घालण्यापेक्षा पेढा घरीच ठेवावा. भेट द्यायची तर आपल्याच मागावरचा एक छोटा टॉवेल द्यावा. ती भेटही होते आणि नमुनाही. दुबईला जाणाऱ्यांनी मसाल्याच्या पुड्यांत खसखस नाही ना, हे नीट पहावे. तिथे खसखशीला सक्त बंदी आहे. पान आणि गुटखा घरी सोडावा, आणि जमल्यास कायमचाच.

नमुने आणि पैसा

नमुन्याचे कापड नेताना आपण चांगली अखंड चादर घडी करून नेतो. कस्टमच्या नजरेत ती विक्रीचा माल ठरते. नमुना म्हणून जकातीतून सूट हवी असेल तर कापडाला कात्री लावावी, भोक पाडावे किंवा न पुसणाऱ्या शाईने 'नमुना, विक्रीसाठी नाही' असा शिक्का मारावा. कारागिराच्या जिवावर येते, पण कायदा तसा आहे. किमती वस्तू नेऊन परत आणायची असेल तर एटीए कार्नेट नावाचे कागदपत्र मिळते. आपल्या देशात ते फिक्की ही संस्था देते. त्यावर माल नेता येतो आणि मुदतीत परत आणल्यास जकात लागत नाही.

पैशांचेही नियम आहेत. एका प्रवासात सामान्यतः ३,००० डॉलरपर्यंतचे परकीय चलन रोख नेता येते. बाकीचे कार्डावर न्यावे. भारतीय रुपये २५,००० च्या वर खिशात ठेवू नयेत. युरोपात शिरताना १०,००० युरो किंवा त्याहून अधिक रोकड असेल तर ती जाहीर करावी लागते. हुंडीवाल्याकडून किंवा ओळखीच्या माणसाकडून तिथे पैसे घेण्याचा मोह आवरावा. त्यात थोडे वाचतात आणि इज्जत जाते.

मिरजेच्या बंधूंसाठी चार शब्द

मिरजेची सतार आणि तंबोरा ही आपल्या समाजाची जगाला दिलेली भेट आहे. शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी पटवर्धन संस्थानच्या काळात हे काम सुरू केले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आता परदेशातील संगीत संमेलनांत आणि प्रदर्शनांत स्वतः कारागिराने उभे राहण्याची वेळ आहे. आजवर वाद्य मिरजेचे आणि पाटी दुसऱ्या शहराच्या दुकानाची असे पुष्कळदा झाले.

पण वाद्य घेऊन विमानात बसताना त्याचा प्रत्येक भाग कशाचा आहे हे लिहिलेला कागद बरोबर हवा. जुनी घोडी हरणाच्या किंवा सांबराच्या शिंगाची असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा प्रश्न उभा राहतो. अशी घोडी काढून उंटाच्या हाडाची किंवा कृत्रिम घोडी बसवावी आणि तसे बिलावर लिहावे. शिसवी लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने आहेत. तयार वाद्यांना २०१९ साली त्यांतून सूट मिळाली. तरी लाकूड तुणीचे आहे की शिसवीचे, हे स्पष्ट लिहिलेले असावे. भोपळा पंढरपूर भागातून येणारा, नीट वाळलेला, किडीचे एकही छिद्र नसलेला हवा. ऑस्ट्रेलियासारख्या देशात वनस्पतीच्या वस्तूंची तपासणी फार कडक असते. तारा थोड्या सैल कराव्यात, पेटी टणक असावी, आणि तिकीट काढतानाच विमान कंपनीला वाद्याचे माप कळवावे.

चीनची वाट

चीनच्या ग्वांगझौ शहरातील मोठे प्रदर्शन १९५७ पासून भरते. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, तीन टप्प्यांत ते चालते. कापड आणि तयार कपडे तिसऱ्या टप्प्यात असतात. पहिल्या टप्प्यात जाऊन "कापड कुठे आहे?" असे विचारत हिंडणारे आपले लोक आम्ही पाहिले आहेत. २०२५ च्या ऑक्टोबरात भारत-चीन थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली, त्यामुळे जाणे सोपे झाले. तिथल्या सिमकार्डावर व्हॉट्सअॅप चालत नाही; घरी तसे आधीच सांगून जावे, नाहीतर घरची माणसे काळजीत पडतात. हलाल खाणावळीच्या पाटीवर बहुधा अरबी अक्षरांत 'हलाल' लिहिलेले असते. उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला सगळ्या चिनी पाट्यांत तेवढे एक अक्षर वाचता येते. ज्या शिक्षणाने आमच्या नावाचा घोटाळा केला, त्यानेच परदेशात आम्हाला जेवू घातले, हेही सांगितले पाहिजे.

मग करायचे काय?

वरच्या सगळ्या गोष्टी आम्ही ठेचा खाऊन शिकलो. नव्या पिढीने त्याच दगडाला पुन्हा ठेच का खावी? आमची सूचना साधी आहे. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना सोयीचे ठिकाण कऱ्हाड. तिथे दरवर्षी जुलै महिन्यात एक दिवसाचा व्यापारी तरबियती कॅम्प भरवावा. जुलै यासाठी की जानेवारीच्या प्रदर्शनासाठी व्हिसाचा अर्ज तेव्हापासून करता येतो, आणि पावसाळ्यात बाजारही थंड असतो. एक चार्टर्ड अकाउंटंट, बँकेच्या परकीय चलन विभागातील एक जाणकार, कस्टमचे काम करणारा एक दलाल आणि परदेशी जाऊन आलेले दोन-तीन व्यापारी एवढी माणसे पुरेत. प्रत्येकाने आपले सहा कागद बरोबर आणावेत, तिथेच नावे जुळवून पाहिली जावीत.

यंत्रमागाच्या मालासाठी पीडेक्सिल आणि सुती मालासाठी टेक्सप्रोसिल या निर्यात प्रोत्साहन परिषदा मुंबईत आहेत. त्यांचे सभासद होऊन गटाने गेल्यास सरकारी योजनेतून गाळ्याच्या भाड्यात मदत मिळू शकते. योजनेच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षीच्या अटी पत्र लिहून विचाराव्यात. एकट्या विणकराला हे जड जाते. दहा जणांनी मिळून केले तर सहज होते.

यावर कोणी म्हणेल, "आमचा माल मुंबईचा व्यापारी घेऊन जातोच, मग आम्ही कशाला जावे?" त्याने जरूर न्यावा, रोजी त्याचीही आहे. पण गिऱ्हाईक त्याला ओळखते, आपल्याला नाही. त्याने उद्या दुसरीकडून माल घेतला तर आपले माग बंद पडतात आणि का पडले हेही आपल्याला कळत नाही. जो स्वतः गिऱ्हाइकासमोर उभा राहतो त्यालाच कळते की चादरीची रुंदी दोन इंच वाढवायला हवी होती, किंवा रंग पहिल्याच धुण्यात उतरतो म्हणून ऑर्डर गेली. हे ज्ञान मधला माणूस आपल्याला आणून देत नाही.

हाजी साहेबांच्या कॅम्पात शेवटी बुजुर्ग एक वाक्य हमखास सांगतात की सामान कमी न्या, पण कागद जिवापाड जपा. तिजारतीच्या सफरीलाही तेच लागू आहे. दोन्ही जिल्ह्यांतील व्यापारी आणि कारागीर बंधूंनी येत्या जुलैची वाट न पाहता आजच रात्री कपाट उघडावे आणि आपले नाव किती प्रकारे लिहिले आहे ते मोजावे. एकापेक्षा जास्त निघाले, तर सफर तिथूनच सुरू होते.